छापखान्यातला प्रवेश

“मशीन व्हा,” हळूकाका म्हणाले, आणि सहा जण मशीन झाले.

दोघं समोरासमोर उभे राहून तळवे उघडायला-मिटायला लागले, तो मशीनचा जबडा. एक मुलगी शेजारी उभी राहून खांद्यातून हात गरागरा फिरवू लागली, ते चाक. आणखी दोघं वाकून वरखाली होऊ लागले, ते शाईचे रूळ. सहावा, ज्याला सगळे भोंगा म्हणत, तो भिंतीला टेकून तोंडानं आवाज काढू लागला. खटक-धप्प, खटक-धप्प. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत दर शनिवारी दुपारी असलं काहीतरी चालायचं. खाली वर्तमानपत्रं वाचणारी मंडळी एकदा छताकडे बघायची आणि पुन्हा पानात डोकं घालायची.

“चाक उलटं फिरतंय.”

मशीन थांबलं. दारात एक वयस्क गृहस्थ उभे होते. काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र, उजवा हात खिशात.

“चाक वरून तुझ्याकडे यायला हवं, बाळ,” ते म्हणाले. “तू तिकडे ढकलतेयस. चालू द्या, चालू द्या. मी आपला आवाज ऐकून वर आलो.”

चाक झालेल्या मुलीनं हात दुसऱ्या बाजूनं फिरवून पाहिला. “असं?”

“हां. आता कसं.”

हळूकाकांनी त्यांना खुर्ची दिली आणि तालीम पुढं सुरू झाली.

हळूकाका हे नाव मुलांनी ठेवलेलं. सव्वीस वर्षं ते एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. पडद्याआड स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, आणि नट अडखळला की पुढचा शब्द असा सोडायचा की त्याला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. त्या सवयीनं त्यांचा आवाज कायमचा खाली बसला होता. भाजीवालीकडे गेले तरी ते भेंडीचा भाव एखादं गुपित विचारल्यासारखा विचारत. मुलांवर ओरडणं त्यांना जमतच नसे, त्यामुळे मुलंच त्यांचं बोलणं ऐकायला जवळ सरकत. अकरा वर्षं मुलांचं हे नाट्यशिबिर चाललं होतं, ते बहुधा त्यामुळेच.

रीत सोपी होती. दरवर्षी मुलांनी गावातलं एखादं बंद पडलेलं काम निवडायचं. ते काम ज्यांनी केलं त्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, पाणी मागायचं, बसायचं आणि त्यांना बोलू द्यायचं. मग त्या आठवणींचे लहान लहान प्रवेश बसवायचे आणि शेवटच्या शनिवारी त्याच माणसांना बोलावून करून दाखवायचे. एका वर्षी नदीवरची होडी झाली, एका वर्षी टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या बायका. यंदा शिशाच्या सुट्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई करायचा जुना छापखाना होता. कारण गटातल्या एका मुलीचे आजोबा तिथं खिळे जुळवणारे कंपोझिटर होते, आणि त्यांची गोष्ट ऐकून अख्खा गट गप्प बसला होता. भोंगासुद्धा.

गोष्ट अशी होती. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायचं काम आलं होतं. पेपर फुटू नये म्हणून मालकानं बाहेरून कुलूप लावलेलं, आत दोघंच. बावीस वर्षांचा कंपोझिटर आणि त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा मशीनवाला. दुपारी वीज गेली. मशीन थांबलं, जबड्यात कागद अडकला. तो काढायला मशीनवाल्यानं हात घातला आणि नेमकी तेव्हाच वीज आली. कंपोझिटरनं झेप घेतली, लाकडी फळी मारून फिरता पट्टा उडवला, मित्राला ओढून बाहेर काढलं. तीन बोटं गेली, पण माणूस वाचला.

कंपोझिटरचं काम त्यांची नातच करत होती. पंधरा वर्षांची, काटक, केस घट्ट बांधलेली. ती खोलीच्या एका टोकापासून धावत यायची आणि अशी झेप घ्यायची की जबडा झालेली दोन्ही मुलं दर वेळी मनापासून घाबरायची. आजही तिनं तशीच झेप घेतली. पट्टा उडाला, मशीन थांबलं, मशीनवाला झालेला मुलगा जिवाच्या आकांतानं ओरडला.

खुर्चीतले गृहस्थ बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हातानं मांडीवर थाप मारून दाद दिली. उजवा खिशातून निघाला नाही.

मुलं गेल्यावर हळूकाका त्यांच्याबरोबर खाली उतरले. समोरच्या चहाच्या दुकानात बसल्यावर गृहस्थांनी कप उचलायला उजवा हात बाहेर काढला. अंगठा आणि करंगळी. मधली जागा रिकामी. त्या दोन बोटांत त्यांनी कप इतका सहज धरला, की हळूकाकांना आपलीच बोटं जास्तीची वाटली.

“पोरगी छान करते,” ते म्हणाले. “त्याची नात ना? कपाळ त्याचंच आहे.”

“म्हणजे तुम्ही...”

“मीच तो, ओरडणारा. तो मुलगा फार ओरडतो हो. मी ओरडलो नव्हतो. सुचलंच नाही.”

हळूकाकांनी सवयीनं खिशातून वही काढली.

“लिहू नका,” मशीनवाले म्हणाले. “एवढं सांगतो आणि ते आपल्या दोघांत राहू द्या. त्या दिवशी वीज गेली नव्हती.”

हळूकाकांनी वही मिटली.

“मी बटण बंद करून हात घातला होता. तो आतून एक ओळ दुरुस्त करून आला. सकाळी पेपर, घाई उडालेली. मशीन बंद दिसलं, त्यानं बटण दाबलं. माझ्याकडे बघितलंच नाही. मुद्दाम नाही केलं त्यानं, हे मला तेव्हाही माहीत होतं.”

“आणि पट्टा?”

“कसला पट्टा? तो मागं सरकत सरकत दाराशी गेला आणि तिथंच थिजला. मशीन मीच बंद केलं.” त्यांनी चहा संपवला. “दवाखान्यात मला नर्सबाई सांगायच्या, एक मुलगा रोज येतो, खोलीच्या दारापर्यंत येतो आणि परत जातो. आठ दिवस आला. मग नाही आला. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. याच गावात राहतो आम्ही. तो समोरून आला की रस्ता ओलांडतो, म्हणून हल्ली मीच आधी ओलांडतो. त्याचे गुडघे दुखतात म्हणे.”

“मग प्रवेश बदलायला हवा,” हळूकाका म्हणाले.

“कशाला? ती पोर आजोबांचं नाव घेताना कशी दिसते ते बघितलंत ना? मला सात बोटं आहेत, काका. सातांत सगळं होतं. गोदामावर पहारेकरी म्हणून नोकरी झाली, मुलीची वेणी घातली, शाळेत सोडलं. खरं काय ते चार लोकांना कळल्यानं आठवं काही उगवणार नाही. तुमचा प्रवेश आहे तसा राहू द्या. मी येईन बघायला. चाक नीट फिरतंय का ते बघायला कुणीतरी हवंच.”

त्या संध्याकाळी हळूकाकांच्या बायकोनं त्यांना तीन हाका मारल्या. चौथी मारायला ती स्वतःच बाहेर आली.

“कुठं हरवलात? वाटाणे सोला म्हटलं तर शेंगा बाजूला नि दाणे केराच्या टोपलीत.”

हळूकाकांनी टोपलीतून दाणे वेचत सगळं सांगितलं. बायकोनं चाळीस वर्षं टपालकचेरीत पत्रांची वाटणी केली होती. कुठलीही गोष्ट ऐकली की ती लगेच तिचा खण ठरवायची. पण ही गोष्ट हातात धरून तीही जरा थांबली.

“मग सांगा त्या कंपोझिटरांना की कळलंय म्हणून.”

“कसं सांगू? मशीनवाल्यांनी शब्द घेतलाय.”

“मग नका सांगू.”

“तसंही चालत नाही. शनिवारी ते येणार, समोर बसणार. कंपोझिटर नातीचं काम बघायला नवा सदरा घालून येणार आणि चाळीस माणसांत एकदम त्यांना तो माणूस दिसणार. हा अंधारात कुणाच्या पायात पाय घालण्यासारखा प्रकार झाला. मी तसं होऊ देणार नाही.”

“अहो, मग एवढंच सांगा की तो येणार आहे. त्यात कुठला शब्द मोडतो?” तिनं शेंगांची परडी त्यांच्या हातातून काढून घेतली. “जन्मभर विंगेत बसलात. एकदा तरी पुढं येऊन बोला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कंपोझिटरच्या घरी गेले. बसायच्या खोलीत नातीच्या रंगपेन्सिली उंचीप्रमाणे ओळीत लावलेल्या होत्या, हे काम कुणाचं ते विचारायला नको होतं. दाराला एका हुकावर इस्त्री केलेला सदरा टांगला होता.

“या, या,” कंपोझिटर म्हणाले. “आमची नात काय म्हणते? घरी तर आरशासमोर उड्या चालल्यात. परवा कपाटाचं दार निखळलं.”

“चांगलं करते. आवाज माझ्या दसपट आहे.”

“तुमच्या दसपट म्हणजे आमच्या मांजराएवढा झाला.” ते स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हसले.

हळूकाका पाणी प्यायले. भांडं खाली ठेवलं. “एक गृहस्थ वाचनालयात येतात,” ते म्हणाले. “पूर्वी छापखान्यात मशीनवर होते. शनिवारी प्रयोगाला येणार आहेत.”

कंपोझिटर काही बोलले नाहीत.

नट गप्प झाला की प्रॉम्प्टरला एका क्षणात ठरवावं लागतं, हा विसरलाय की थांबलाय. विसरला असेल तर शब्द द्यायचा. थांबला असेल तर तोंड मिटून बसायचं, नाहीतर त्याचा थांबा फुकट जातो. सव्वीस वर्षांत हळूकाका यात फार थोड्या वेळा चुकले होते. ते गप्प बसले.

“काय म्हणाले?” बऱ्याच वेळानं कंपोझिटरनी विचारलं.

“म्हणाले, चाक उलटं फिरतंय.”

कंपोझिटरच्या तोंडावर हसू आलं आणि अर्ध्यातच राहिलं. “अजून?”

“प्रवेश आहे तसाच ठेवा म्हणाले.”

कंपोझिटर उठले, पेन्सिलींच्या ओळीतून एक काढली आणि होती तिथंच पुन्हा ठेवली. “शनिवारचं काही खरं नाही,” ते म्हणाले. “गुडघे फार धरतात हल्ली. आणि तुमचा तो जिना.”

“मुलं खुर्चीत बसवून वर नेतील.”

“बघू.”

हळूकाका घरी परतताना स्वतःवरच चिडले होते. एवढ्या वर्षांत एकदाच विंगेतून बाहेर पाऊल टाकलं आणि नटच पळून जायची वेळ आली. नातीला काय सांगायचं, याचा विचार त्यांनी गुरुवारपर्यंत केला आणि शुक्रवारी सोडून दिला.

शनिवारी खोली भरली. कंपोझ करणारे, पुस्तकं बांधणारे, एक मुद्रितं तपासणाऱ्या बाई, त्यांची मुलं-नातवंडं. मशीनवाले सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत अगदी कडेला बसले होते. नातीनं दोन वेळा जिन्यावरून खाली डोकावून पाहिलं.

“आजोबा येतो म्हणाले होते,” ती म्हणाली. “सदरासुद्धा घातला होता.”

“येतील,” हळूकाका म्हणाले आणि दिवे मंद करायला गेले.

पहिले दोन प्रवेश झाले. उलटी अक्षरं वाचायची सवय लागलेल्या माणसाचा एक, तो दुकानांच्या पाट्या चुकीच्या वाचतो आणि लोक हसतात. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचा दुसरा, त्या स्वतःला आलेल्या पत्रांतल्या चुकाही दुरुस्त करून परत पाठवायच्या. बाई लाजल्या, पण खूश झाल्या. तिसऱ्याला मुलं मशीन होऊन उभी राहिली तेव्हा मागचं दार उघडलं आणि कंपोझिटर आत आले. एका हातानं भिंत धरलेली, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. जिना ते कुणाच्या मदतीशिवाय चढले होते. मागं दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण ते बसले नाहीत.

खटक-धप्प, खटक-धप्प. मशीनवाल्यांनी नुसती मान हलवून ताल धरला. चाक बरोबर फिरत होतं. मग वीज गेली, म्हणजे भोंगा गप्प झाला. मशीनवाला झालेल्या मुलानं जबड्यात हात घातला. भोंग्यानं पुन्हा आवाज सुरू केला. नात टोकापासून धावत निघाली.

“बाळा, थांब.”

ती अर्ध्या खोलीत थांबली. माना मागं वळल्या. कंपोझिटर खुर्च्यांच्या मधून पुढं आले. हळूकाकांनी कोपऱ्यातून पाऊल उचललं आणि तिथंच ठेवलं.

“मी धावलो नव्हतो,” कंपोझिटर म्हणाले.

नात त्यांच्याकडे बघत राहिली. “म्हणजे?”

“वीजही गेली नव्हती. यानं मशीन बंद करून हात घातला होता. बटण मी दाबलं. न बघता.” त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं नाही. नातीकडेच बघत ते बोलत होते. “तुझ्या आजीला सांगताना वीज गेल्याचं सांगितलं. मग तुझ्या बाबाला सांगताना पट्टा आला. सांगता सांगता मला खरंच दिसायला लागलं की मी झेप घेतलीय. तू घेतलीस ना, तेव्हा तर वाटलं, झालं असेल असंच. पण तसं नव्हतं.”

नातीचा चेहरा लाल झाला, डोळे भरले. हळूकाकांना वाटलं, आता ही पळून जाणार. त्यांनी दाराकडे पाहून ठेवलं.

“मग मी काय करू?” तिनं विचारलं. आवाज फाटला होता. “आजोबा, मी आता काय करायचं इथं?”

कंपोझिटरनी तिचा दंड धरला, तिला मागं मागं नेलं आणि दाराशी उभं केलं. तिचे खांदे दाबून थोडे पुढं झुकवले. “इथं उभी राहा,” ते म्हणाले. “मी इथं होतो. हात असे. काही करायचं नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

हळूकाकांनी मुलांना खूण केली आणि मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी मुलानं आधी हवेतलं बटण बंद केलं, भोंगा गप्प झाला, मग हात आत घातला. नात पुढं आली, इकडेतिकडे न बघता तिनं बटण दाबलं आणि मागं सरकत दाराशी जाऊन उभी राहिली. जबडा मिटला. मुलगा या खेपेला ओरडला नाही, त्यानं नुसता श्वास आत ओढला. मग त्यानं डावा हात लांब करून बटण चाचपलं.

“कोपरानं,” पहिल्या रांगेच्या कडेवरून आवाज आला. मशीनवाले बसल्या जागेवरून सांगत होते. “बोटं शाईनं नि रक्तानं घसरत होती. कोपरानं दाब.”

मुलानं कोपरानं दाबलं. मशीन थांबलं. नात दाराशी तशीच उभी होती, हात तसेच, खांदे तसेच, आणि तिच्या शेजारी दोन पावलांवर तिचे आजोबा, अगदी तसेच उभे.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. हळूकाकांनी दिवे लावले तेव्हा लोक हळूहळू उठले, नेहमीसारखं मोठ्यानं न बोलता. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता जिना उतरल्या. नात आजोबांकडे गेली नाही. ती खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली. बराच वेळ गेल्यावर तिनं भोंग्याच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि आजोबांना नेऊन दिली. त्यांच्याकडे न बघता. पण झाकण उघडून.

कंपोझिटर पाणी प्यायले. मग बाटली हातात धरून पहिल्या रांगेकडे चालत गेले आणि मशीनवाल्यांच्या समोर उभे राहिले.

मशीनवाल्यांनी शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून मांडीवर घेतलं.

“बस ना,” ते म्हणाले. “किती वेळ उभा राहणार आहेस?”

कंपोझिटर बसले. गुडघ्यांमुळे त्यांना खुर्चीचा हात धरून बेतानं बसावं लागलं, आणि बसताना मशीनवाल्यांनी त्यांना कोपराला आधार दिला. उजव्या हातानं दिला. मग दोघंही समोर बघू लागले, जिथं आता काहीच चाललेलं नव्हतं.

हळूकाकांनी मुलांना हाक मारून खुर्च्या गोळा करायला सांगितलं. चाळीस खुर्च्या, एकावर एक, भिंतीशी. मुलं कडेकडेनं, आवाज न करता उचलत गेली. शेवटी मधे त्या दोनच उरल्या. भोंगा हळूकाकांकडे बघायला लागला.

“राहू देत,” हळूकाका म्हणाले, आणि खोलीची किल्ली नेहमीसारखी भोंग्याच्या हातात न देता स्वतःच्या खिशात टाकून बाहेर जिन्यावर जाऊन बसले.